मरहबा काय भिंतीला म्हणू?

...नाही, मी म्हणतो, तोंड दुखतं का ह्यांचं? एक शब्द! शिकामू. म्हणजे "पाया पडतो", बस. खरे पाय कोण धरायला सांगतंय? धाकट्याने शिकामू म्हणायचं, मोठ्याने मरहबा म्हणून आशीर्वाद द्यायचा, की झालं, दोघं आपापल्या वाटेने मोकळे! पण अहो, मरहबा आपणहून म्हणता येत नाही ना! समोरून शिकामू आल्याशिवाय मरहबा म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. मग मी काय करू? मरहबा काय भिंतीला म्हणू?

तुम्हाला सांगतो, टांगा शहराच्या बंदरात छत्तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस मी. कप्तान लोक खालून टोपी काढायचे. आणि आता? तो मोटरसायकलवाला हातीबू, ज्याचं जावळ काढलं तेव्हा माझ्या मांडीवर बसला होता, आणि नुसता बसला नव्हता हो, नवा कोरा कान्झू, पायघोळ पांढरा झगा, भिजवला होता माझा... तो परवा भर रस्त्यात गाडीवरून ओरडतो, "मांबो, बाबा! काय, मजेत ना?" मांबो! मांबो हे बरोबरीच्या पोरांनी एकमेकांना म्हणायचं. मी काय ह्याच्याबरोबर गोट्या खेळलो? आणि शेजारची सौदा, ती तर कानात गाण्याची बोंडं घालून जाते. मी खाकरतो. ऐकूच येत नाही! मी जोरात खाकरतो. तर मागे वळून म्हणते, "बाबा, खोकल्यावर आलं घ्या."

आता तुमच्यापासून काय लपवायचं... मला लग्न करायचं होतं. हसू नका! बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लांब राजधानीत, डोडोमाला, ती फोनवर विचारते, "जेवलात का?" जेवतो की. पण समोर कुणी नसलं की मासा तळलेला काय आणि उकडलेला काय, चव एकच लागते हो.

तर कोपऱ्यावर बी झुवेना, म्हणजे झुवेनाबाई, बसतात. विधवा. तांदळाचे विटुंबुआ तळतात, बाहेरून कुरकुरीत, आत वेलचीचा वास... अन् स्वभावही तसाच! रोज सकाळी मी दोन घेतो, त्या विचारतात, "झोप लागली का?" एवढंच. पण अशा विचारतात की दिवसभर पुरतं.

वय? मी गल्लीत साठ सांगतो. साठ हा आकडा मला शोभतो. दाढीला रंग लावतो, पायऱ्या चढताना कठडा धरत नाही, निदान कुणी बघत असताना तरी नाही. नुसतं तरणं दिसून मात्र भागत नाही. बाईमाणूस बघते, ह्याला चार लोकांत मान आहे का? म्हणून ठरवलं, शुक्रवारी नमाज आटोपून त्यांच्या दुकानासमोर उभं राहायचं. जाणारी-येणारी पोरं शिकामू, शिकामू करतील, मी मरहबा, मरहबा म्हणेन, त्या बघतील. आणि मग हळूच विषय काढायचा.

उभा राहिलो. कान्झू इस्त्रीचा, टोपी नवी. सात पोरं गेली. मोजली मी! एकाने मान हलवली, दोघे मोबाइलमध्ये, चौघांना मी दिसलोच नाही. ऊन मी म्हणतंय, गुडघे बोंबलतायत, आणि बी झुवेना बघतायत. मरहबा काय भिंतीला म्हणू?

एवढ्यात हातीबू आला, गाडी थेट माझ्या पायाशी. "मांबो, बाबा! आज नवरदेव दिसताय!"

सटकलीच माझी! म्हटलं, "उतर खाली! आईबापांनी हेच शिकवलं? वडीलधाऱ्यापुढे मान कशी झुकवायची माहीत नाही?"

तो म्हणतो, "चुकलं बाबा. पण तुम्हीच तर सांगता ना, मी अजून तरणा आहे?"

"तरणा?" मी ओरडलो. अख्खी गल्ली गोळा झाली, सौदाने कानातली बोंडंसुद्धा काढली. "अरे, एकसष्ट साली स्वातंत्र्याचा झेंडा चढला ना, तेव्हा मी तिसरीत होतो तिसरीत! ह्या हातांनी टाळ्या वाजवल्यात मी! आणि ऐकून ठेवा सगळे, एका वर्षाने का होईना, जो मोठा आहे त्याला शिकामू म्हटलंच पाहिजे! मग समोर कुणीही असो! सूट कुणालाही नाही!"

काय बोललो! बंदरात अठ्ठावीस टन उचलताना आला नसेल असा जोर आला होता आवाजाला. हातीबू गाडीवरून उतरला, छातीवर हात ठेवून वाकला, "शिकामू, बाबा." सौदा वाकली. पलीकडचा शिंपीही मशीन सोडून वाकला. मी मरहबा, मरहबा म्हणत सुटलो. छाती ही एवढी! म्हटलं, हीच वेळ. वळलो.

बी झुवेना बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"झेंड्याच्या वेळी तिसरीत?" त्या म्हणाल्या. "अगंबाई! मी तर त्याच वर्षी जन्मले. आणि मी वेडी, रोज तुम्हाला बरोबरीचं समजून बोलत होते. माफ करा हं."

मी म्हटलं, "नाही नाही, तसं काही..."

पण त्या उठल्या होत्या. हात पुसले, अंगावरचा खांगा पदरासारखा डोक्यावरून नीट घेतला, आणि सगळ्या गल्लीदेखत, इतक्या अदबीने, इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "शिकामू, बाबा."

आता सांगा. हातीबू बघतोय, सौदा बघतेय, शिंपी बघतोय. सूट कुणालाही नाही, हे आत्ताच कोण ओरडलं? आणि पाया पडणाऱ्या बाईला लग्नाचं विचारतात का कधी? आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार?

मग त्यांनी स्वतःचं स्टूल माझ्यापुढे सरकवलं. "बसा बाबा, किती वेळ उभे आहात ह्या वयात."

आणि बसलो हो. बरं वाटलं गुडघ्यांना.