फाडून नेलेला नंबर

नको उघडूस मग! दार उघडायचं नसेल तर नको उघडूस, नेव्हेनाताई, मी काही तुझं घर लुटायला आले नाहीये — पण त्या कॉम्प्युटरपासून लांब हो. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरतोय ना? तू हात लावलेला नसताना? फिरतोय. मग! तो फोनवरचा माणूसच फिरवतोय तो. आणि दाराच्या त्या भोकातून बघतेयस तर नीट बघ, मघाशी तिथं उजेड होता, आता काळं झालंय, म्हणजे तुझा डोळा आहे. मीच आहे. झ्लातका. चौथ्या मजल्यावरची. मागं कुणी नाही, हातात किल्ल्यांचा जुडगा आहे तेवढाच, आणि तो तर मी झोपतानाही उशाखाली ठेवते असं तूच सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरतेस. लिफ्ट आज पुन्हा बंद. जिन्यानं चढून आलेय सातव्यापर्यंत —

त्याला सांगू नकोस मी आलेय म्हणून. सांगितलंस? झालं! काय म्हणाला? उघडू नका म्हणाला ना? 'मॅडम, चोर तुमच्याच बिल्डिंगमध्ये आहे, शेजाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, मुलालाही कळवू नका' — असंच ना? शब्द न् शब्द पाठ आहे मला. किती गोड बोलतो, नाही? इथून ऐकू येतंय, स्पीकरवर लावलायस तू. 'घाबरू नका, मी आहे ना.' इंजिनियर मार्तिन म्हणवतो स्वतःला. आधी घाबरवायचं आणि मग घाबरू नका म्हणायचं. तुझा प्लामेन व्हिएन्नाहून कधी इतकं मायेनं बोलतो का? — बरं, राहिलं. मुलाचं नाव काढत नाही. चुकलं माझं.

ऑगस्टपासून आपण बोलत नाही, मान्य आहे. मिरच्या भाजायची भट्टी बाल्कनीत लावू नका असा कागद मी डकवला आणि तुला वाटलं तो तुझ्यावरच आहे. होताच तुझ्यावर. दर वर्षी तू भट्टी लावतेस, दर वर्षी तुझ्या विजेचा खटका पडतो आणि दर वर्षी हीच झ्लातका या जिन्यानं वर येऊन मीटरची पेटी उघडते. त्यावरून तू मला काय म्हणालीस, मी तुला काय म्हणाले — तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. पण ताई, त्या रागापायी कुणा भलत्याच माणसाला घरात घेऊ नकोस. तो घरातच आहे आत्ता. मी बाहेर आणि तो आत, असं चाललंय हे.

ऐक. माझी एक मावसबहीण आहे, लोम गावात राहते. तिची गोष्ट सांगते, नुसती ऐक. ती बिचारी कॉम्प्युटरवर लोणच्याची कृती बघत होती, तोच पडदा लालभडक झाला आणि भोंगा सुरू — आग लागल्यासारखा भोंगा — आणि त्यातून एक बाई बोलायला लागली, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरलाय, बंद करू नका, सगळं पुसलं जाईल, या नंबरवर फोन करा. केला तिनं फोन. कोण नाही करणार? तिकडून हा. एक प्रोग्रॅम उतरवून घ्या म्हणाला, आणि तो उतरवला की बाण त्याच्या हातात. त्यानं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळवून दाखवली, हे सगळे चोर म्हणाला, एकेक धरून बाहेर काढले म्हणाला, आणि थोडेसेच पैसे घेतले. अगदी वाजवी. मला तर वाटलं — तिला वाटलं, की असा मिस्त्री शोधून सापडायचा नाही. बँकेतली मुलगी नंतर मला म्हणाली, आजी, खरी कंपनी असा भोंगा वाजवत नाही, स्वतःचा फोन नंबर पडद्यावर नाचवत नाही, आणि आपण होऊन —

काय? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, दार जाड आहे.

कुठली लोमची बहीण, म्हणतेस.

हो गं. नाहीये माझी लोमला कुणी. तीस वर्षं ओळखतेस मला, तुला कळणारच. मीच ती. लोणच्याची कृती मीच बघत होते. आता हस. हसत नाहीयेस? हसली असतीस तर बरं वाटलं असतं.

मग त्यानं पुन्हा फोन केला. आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत म्हणाला. खातं उघडा म्हणाला, मी उघडलं, आणि पैसे आलेले दिसले — खूपच जास्त, एका शून्यानं जास्त. तर तो रडायला लागला गं. फोनवर. चुकून शून्य पडलं आजी, माझी नोकरी जाईल, लहान मुलगी आहे मला. मला दया आली. जास्तीचे मी परत पाठवले, मलाच घाई, त्याची नोकरी जाऊ नये म्हणून. आले काहीच नव्हते! त्यानं पडद्यावरचा आकडाच बदलून दाखवला होता. गेले ते माझे होते, दातांसाठी ठेवलेले. सोमवारी बँकेत कळलं. तेव्हापासून कॉम्प्युटर कपाटात आहे, वर दोन गोधड्या टाकल्यात, कारण त्याला डोळा असतो ना वरती, आणि माझ्या ओळखपत्राचा फोटो त्याच्याकडे आहे, राहते कुठं ते त्यावर लिहिलंय. जिन्यात पाऊल वाजलं की मी गॅस बारीक करते. कशासाठी, मलाही माहीत नाही. हो, मी! पाण्याच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावरच्या पैलवानाशी भांडलेली मी!

आणि तू म्हणशील, मग सोमवारीच का नाही बोललीस. लाज वाटली. एवढंच. बिल्डिंगची व्यवस्थापक मी, उठसूट सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी — कुठल्या तोंडानं सांगू? आणि ती खालची जाहिरात... ताई, पैसे जायच्या आधी ती मीच लावली होती. खाली हिरव्या अक्षरात होती ना — 'प्रामाणिक, नम्र कॉम्प्युटर मिस्त्री, फोनवरच दुरुस्ती करतो, बूट घालून गालिच्यावर फिरत नाही.' दुसरं कोण असलं लिहिणार? चांगला मिस्त्री सापडला की आपण नंबर एकमेकींना देतोच की, नळवाल्याचा तूच मला दिला होतास. खालच्या कडेला नंबरच्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या, फाडून न्यायला. आणि लावली कुठं, तर सगळ्यांचं लक्ष जाईल अशी — दाराच्या काचेवर, तुझा नवरा किरिल जाऊन सहा महिने झाले म्हणून लावलेल्या श्रद्धांजलीच्या कागदाशेजारी. तू येता-जाता त्याच्या फोटोला बोट लावतेस, मला माहितीये. तिथं मी या चोराचा नंबर चिकटवला. मला क्षमा कर, किंवा नको करूस, पण फोन ठेव.

सोमवारी रात्री काढला मी तो कागद. बघते तर एक चिठ्ठी फाडलेली. एकच. कुणी नेली? तेव्हापासून रेडिएटर तपासायच्या निमित्तानं दारोदार फिरतेय, सरळ विचारायची हिंमत नाही, नुसती कान देऊन उभी राहते. तुझं दार मुद्दाम शेवटी ठेवलं, भांडण झालेलं ना आपलं. आणि आज वर येते तर आतून त्याचा आवाज.

हा कसला आवाज झाला? तुझा मोबाइल? मेसेज आला? बँकेचा आहे म्हणतेस, आकडे आहेत त्यात — वाचू नकोस! त्याला वाचून दाखवू नकोस! तो आकडा म्हणजे किल्ली आहे ताई, ती दिली की किरिलचं गावचं घर गेलं, द्राक्षाचा मांडव गेला, तुझा गुडघा गेला. जूनमध्ये तू ते घर विकलंस तेव्हा बसमध्ये माझ्याच खांद्यावर रडलीस. तेच पैसे आहेत ना खात्यात? गुडघ्याच्या ऑपरेशनचे? बोल की! — माझ्यावर विश्वास नाही, बरं. मीही चोरांना सामील असेन, बरं. मग त्या बँकेतल्या मुलीनं सांगितलं तसं कर. जो समोरून बोलतोय त्याचं ऐकायचंच नाही — त्याचंही नाही, माझंही नाही. फोन ठेवायचा आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरावर आपण फोन करायचा. माझा नंबर तुझ्या फ्रिजवर आहे, तुझ्याच अक्षरात. काढून टाकला नसलास तर.

वाचतेयस तू. मला ऐकू येतंय, आकडे वाचतेयस. ताई! नेव्हेना! — बरं. बरं. कुठली किल्ली, ही नव्हे — ही. हे बघ, मीटरची पेटी उघडलीय मी. तुझा फोन तो बिनतारी, त्याचा स्टँड विजेवर. इंटरनेटचा डबाही विजेवर. तुझा खटका मला डोळे मिटूनही सापडतो, इतक्या वेळा वर केलाय. आज खाली करतेय. मग पोलिसांना बोलाव, बिल्डिंगची सभा बोलाव, मला पदावरून काढ —

गेली वीज.

ताई? फ्रिजसुद्धा थांबला तुझा. किती शांत वाटतंय. पडू नकोस हं अंधारात, तो बूट ठेवायचा स्टूल आहे दाराजवळ. ताई?

मोबाइल वाजतोय तुझा. तोच आहे. त्याच्याकडे तोही नंबर असणार, घेतोच तो सगळे. उचलू नकोस. वाजू दे, वाजून वाजून थकेल. उचलू नकोस गं, तुझ्या पाया पडते. मला भीती वाटतेय, मी इथं भिंतीला धरून उभी आहे...

थांबला. का थांबला? उचललास? काही बोलत का नाहीस — त्या भोकात उजेडही नाही की डोळाही नाही — बोल ना, शिव्या दे मला, ऑगस्टमधल्या सगळ्या पुन्हा दे —

आई गं! माझा वाजतोय. माझ्या खिशातला. माझाही नंबर आहे त्याच्याकडे. नाही उचलत, मी नाही बघत कुणाचा ते. चष्मा कुठं गेला. हा — हे काय... 'नेव्हेना, सातवा'.

हॅलो? हो. हो ताई, मीच. झ्लातकाच. तुझ्या दाराबाहेर. होता ना अजून फ्रिजवर? मला वाटलं, फाडून टाकला असशील... पुढचं सांग, पटकन सांग. आकडा वाचलास का पुरता? — किती? अर्धाच? नीट आठव, त्यानं पुढचा विचारला आणि तेवढ्यात वीज गेली? नक्की ना? पुढचे नाही सांगितलेस? देवाची शपथ? किरिलची शपथ?

बरं. मग आता हा फोन ठेव आणि आधी बँकेला कर, खातं बंद करायला सांग. कार्डाच्या पाठीवर छापलाय तो नंबर, त्यानं दिलेला नव्हे. खटका नंतर वर करते, त्या इंटरनेटच्या डब्याची वायर भिंतीतून उपटलीस की मग. नाही, नको, दार नको उघडूस आत्ता. साखळीही काढू नकोस. मी इथं पायरीवर बसलेय, मला जरा बसू दे. हे रडकं तोंड धुतल्यावर येते. तू ठेव फोन. ठेव म्हणते ना!