घरात आणखी कोण जाड आहे?

एकोणीसशे सत्त्याहत्तर साल. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी उमरेडची एक विणकर म्हातारी आणि तिची कॉलेजातली नात बसली होती. नर्सनं त्यांना कागद दिला होता: घरात आणखी कोणाकोणाचं अंग जड आहे, ते लिहा.

“लिव्ह नं वं गोपिका. काहून थांबली?”

“लाज वाटते, आजी. एकाचंच नाव लिहितो.”

“काहून? सगळ्यायचे लिव्ह. माह्या मायसाठी तं मागावर पाय सोडून बसाचा खड्डा हातभर जास्त रुंद खोदला होता. लोक पाहाले येत.”

“हसाले येत असतीन. मलेही पोरी हसतात. महिनाभर एकच पोळी खाऊन राहिली, तरी अंग उतरत नाही.”

“मायचंही नाही उतरलं. पाऊणशे वर्षामागच्या, संवत छप्पनच्या दुष्काळातही नाही.”

“तवा केवढी होती ते?”

“दहा वर्षाची. तिले धरून पाच बहिणी होत्या. चिंचोके उकडून खाल्ले, झाडाची साल खाल्ली. चौघी वाळल्या आन गेल्या. माय तेवढी उरली.”

“एकटीच?”

“एकटीच. मंग लगन झालं, सात लेकरं झाले, आन साठ वर्षं माग चालवला. तिच्या हातच्या लुगड्याले नागपूरचे व्यापारी घरी येत.”

“आजी, नाव काय होतं तिचं?”

“मनकर्णा. काहून वं?”

“पहिल्या ओळीत लिहून राहिली.”

“मोठ्या अक्षरात लिव्ह. डॉक्टरचा चष्मा जाड हाय.”