राघूछाप चहाचा फोटो

मंडळी, ऐका! देवीच्या दारात बसलाय, तर एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या. ज्याचं मीठ खातो, त्याच्यापुढं तोंड उघडावं की नाही? — बघा! लगेच माना खाली! पुढचे तर पार टाळ न्याहाळायला लागले!

बरं, गोष्ट सांगतो. पुराणातली नाही हो — ह्या देवळामागच्या मैदानातली! आता तिथं मंगल कार्यालय झालंय. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी... काय ते दिवस! संध्याकाळी पाणी मारलेल्या मातीचा वास, फक्कीच्या पांढऱ्या रेघा, दोन टोकांना दोन खांब, आणि मध्ये आपल्या जोगेश्वरी संघाच्या नऊ पोरी — खो-खो! आख्खं गाव गोळा व्हायचं. निम्मे खेळ बघायला, निम्मे 'पोरी चड्ड्या घालून पळतात' म्हणून नावं ठेवायला — पण जागा मात्र पहिल्या रांगेत धरायचे! हसू नका, त्यातले दोघं आत्ता इथं बसलेत!

कॅप्टन होती द्वारका साळोखे. बाप नाही, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणारी. आणि तिची मैत्रीण सुगंधा बनसोडे, वस्तीवरची. कुठल्या वस्तीवरची, ते मी सांगायला नको — तुम्हाला बरोबर कळलं! काय पळायची ती पोरगी! हातात आली आली म्हणेपर्यंत खांबाला वळसा घालून पसार! अजून डोळे मिटले की दिसते मला.

संघाचे शर्ट, कॅनव्हासचे बूट, गावोगाव न्यायला ट्रक — सगळं राघूछाप चहावाल्या अण्णासाहेब धुमाळांचं. माणूस वाईट नव्हता हं! पोरी जिंकल्या की स्वतःच्या हातानं पेढे वाटायचा. द्वारकाला त्यानं शब्द दिला होता — पुण्याच्या स्पर्धा झाल्या की कारखान्यात कायमची नोकरी. आईनं तर लगेच भावकीत सांगूनसुद्धा टाकलं!

त्याच सुमाराला अण्णासाहेबांना जाहिरात सुचली. 'राघू चहा — लहानथोर, सगळ्यांचा एकच चहा!' केवढा मोठा विचार! पण राघूच तो — शिकवलंय तेवढंच बोलणार!

मैदानावर फोटोवाला आला. नऊ पोरी ओळीत बसल्या. चहा आला. आठ कप फुलाफुलांचे, बशीसकट. नववा कप मात्र कान तुटलेला, बशी नाही — तो सुगंधापुढं! कुणी ठरवलं? कुणीच नाही! देणाऱ्याचा हात आपोआप तिकडं वळला. इतकी सवय झालेली होती.

सुगंधानं मुकाट्यानं कप उचलला. तेवढ्यात द्वारका म्हणाली, "थांब सुगंधे. तो मला दे, माझा तू घे."

अण्णासाहेब पुढं आले. "हे बघ पोरी, मी काही शिवाशिव पाळत न्हाई. पण फोटो गावोगाव दुकानात लागणार. लोक म्हणतील, कप बाटवला! मग माझा चहा कोण घेईल? तू आपली गुमान खेळ की. ह्यात कशाला पडतीस?"

"खेळाचंच सांगते अण्णा. खो देताना पाठीला हात लावायचा आन् तोंडानं 'खो' म्हणायचं. नुसता हात लावला, आवाजच न्हाई काढला तर?"

"तर फाऊल."

"मग आमी सुगंधाच्या पाठीला रोज हात लावतोय, आन् मैदानाबाहेर आलो की तोंडाला कुलूप! चार वर्सं फाऊलच खेळतोय की अण्णा!"

अण्णासाहेब लालेलाल! "नोकरीचा विचार कर, द्वारके!"

मंडळी, तिनं पायांतल्या बुटांकडं बघितलं. मी गर्दीत होतो, मी बघितलंय. डोळ्यांपुढं आईचे भेगाळलेले हात आले असतील हो! पण ती खाली वाकली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. सुगंधानं तिचा हात धरला. "नगं द्वारके! मला त्या कपाची सवय हाय."

"म्हणूनच काढतीया," द्वारका म्हणाली.

मग दुसरीनं काढले, तिसरीनं काढले... नऊ जोड बूट, ओळीनं! शर्ट दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून परत केले. आणि पोरी एसटीनं पुण्याला गेल्या, अनवाणी खेळल्या.

जिंकल्या? — नाही! दुसऱ्याच फेरीत एका गुणानं हरल्या! मी कीर्तन करतोय, सिनेमा नाही दाखवत! नोकरी गेली ती गेलीच. द्वारका आईबरोबर खुरपं घेऊन रानात गेली, ती जन्मभर.

गेल्या वर्षी अण्णासाहेबांचा नातू गाडी घेऊन तिच्या दारात आला. "आजी, नवं पाकीट काढतोय — 'समतेचा चहा'. त्यावर तुमचा फोटो छापायचाय!" द्वारकाबाईंनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि म्हणाल्या, "आता बोलायला काय लागतंय बाळा? तवा तुझ्या आज्यानं बोलायचं हुतं."

तुम्ही टाळ्या वाजवताय! थांबा! मिठाचा प्रश्न होता ना? त्या पोरींनी अण्णांचं मीठ खाल्लं होतं, तरी बोलल्या. भोवती आम्ही तीनशे माणसं उभी होतो. अण्णांचे बूट आमच्या पायांत नव्हते, नोकरी आमची जाणार नव्हती. एकानं तोंड उघडलं? मीही नाही उघडलं, माउली! ती लाज घेऊन मी गावोगाव कीर्तन करतोय.

आणि आज? आज सगळीकडं कागदी कप! स्वच्छतेसाठी म्हणे! खरं सांगा — कुणाचा कप कुणाच्या ओठाला लागला, ही भानगडच नको, म्हणून ना?

कीर्तनानंतर चहा आहे. ट्रस्टींनी पाचशे कागदी कप आणले होते, ते मी परत पाठवलेत. ट्रस्टीसाहेब, असं बघू नका माझ्याकडं! प्रत्येकानं आपल्या घरातला एक कप आणायचा. चांगला, कानासकट! वरच्या आळीतून, खालच्या वस्तीतून, सगळे कप ह्या एकाच टोपलीत पडतील. आणि न बघता ज्याच्या हाताला जो लागेल, त्यानं त्यातून चहा प्यायचा.

देवीचा जयजयकार त्यानंतर. आधी उठा! मी टोपलीपाशी उभा आहे.