खिडकी बोटभर उघडी

आमचं मूळ मिरजेकडचं, पण गाव असं मला सांगताच येत नाही बघा, कारण मी वाढले ती दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये. टीबीचा दवाखाना, वस्तीपासून लांब, माळावर, चारी बाजूंनी वारा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथं वॉर्डात कामाला होते, पेशंटची ने-आण, औषधं, सगळं. नातेवाईक आमच्याकडं आले तर उंबऱ्यात उभ्या उभ्या बोलायचे आणि चहा टाकते म्हटलं की आत्ताच घेऊन आलोय म्हणायचे, दर वेळी आत्ताच! तुम्ही मघाशी मागून चहा घेतलात ना, मला फार बरं वाटलं, खरंच सांगते.

बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. रविवारी त्यांची माणसं भेटायला यायची, पण लहान पोरांना वर सोडत नसत. मग ती पोरं खाली अंगणात उभी राहायची, वर माना करून, आणि आया वरून खिडकीतनं बघायच्या. एखादं पोर चेंडू दाखवायचं, एखादं नवीन फ्रॉक. वरची बाई हसायची आणि पदर तोंडाला लावायची. मी त्या पोरांच्यात खेळायचे, मला काय कळतंय त्या वयात, मला वाटायचं आया अशाच वरच्या खिडकीत असतात काहींच्या.

आणि अण्णांचा घरात एकच कायदा. खिडकी लावायची नाही. थंडी असू दे, पाऊस असू दे, हवा खेळली पाहिजे, हवा हेच अर्धं औषध, असं ते म्हणायचे. आई म्हणायची, अहो, पोरगी गारठली, तर अण्णा म्हणायचे, गोधडी दे अजून एक, खिडकी नाही लावायची. ते माझ्या अंगात इतकं मुरलंय की बंद खोलीत मला झोपच येत नाही.

तर मी मायक्रोबायोलॉजी केलं, एमेस्सी झाले, लग्न झालं आणि दोन हजार एकला इथं मिनेसोटात आले, शिरीषच्या मागं. शिरीष म्हणजे आमचे हे, सॉफ्टवेअरमध्ये आहेत, इथं सगळे नावानंच हाका मारतात म्हणून मीही शिकले. पुढं मला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काम मिळालं, तेही टीबीवरच, म्हणजे मी कुठं जरी गेले तरी तो माझ्या पुढं हजर. इथं कामाला लागायच्या आधी हातावर सुई टोचून टेस्ट करतात. आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी दिलेलं असतं, दंडावर तो वण असतो ना, त्यामुळं आपला हात सुजतोच. माझा तर लिंबाएवढा सुजला. नर्स घाबरली. एक्स-रे स्वच्छ आला, तरी नऊ महिने गोळ्या घ्या म्हणाले, आत जंतू झोपलेला असला तर उठायला नको म्हणून. घ्यायला लागले, तेवढ्यात दिवस राहिले, मग डॉक्टरच म्हणाले आता थांबवा, नंतर बघू. सई झाली. नंतर काही कुणी बघितलं नाही, सगळेच विसरलो.

सई दोन वर्षांची असताना आमच्या प्रोफेसरांनी विचारलं, नंदा, जॉर्जियाला जाशील का तीन महिने? तिथल्या संस्थेबरोबर आमच्या लॅबचं काम होतं, औषधाला दाद न देणारा टीबी तिकडं फार. मी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला, नाही हो, दिवाळीच्या कार्यक्रमात सांगितलं की मी जॉर्जियाला चाललेय, तर इथं जवळच प्लायमथला राहणाऱ्या काकू म्हणाल्या, अगं मग काळजीच नाही, आमचे दीर अटलांटाला आहेत, ते डबा पोचवतील. म्हटलं काकू, ते अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, हा वेगळा देश, रशियाच्या खाली आहे. त्या म्हणाल्या, अगंबाई, मग तिथं काय खाशील गं तू?

सासूबाई सांगलीहून आल्या सईला सांभाळायला, आणि मी गेले. काय सांगू तुम्हाला, तिबिलिसीला उतरले आणि पहिल्याच दिवशी लाइट गेली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं! इथं चार वर्षांत एकदाही गेली नव्हती. तिथं रोज जायची, आपल्या लोडशेडिंगसारखी, कधी गॅसही जायचा. कम्युनिस्टांच्या वेळच्या त्या एकसारख्या उंच इमारती, जिन्यात बल्ब नाही, आणि लिफ्टमध्ये नाणं टाकायचा डबा. नाणं टाकलं तर लिफ्ट वर जाणार. आणि मधेच लाइट गेली तर तुम्ही, तुमचं नाणं आणि अंधार. मी आपली जिनाच चढायचे.

ज्यांच्याकडं मी खोली घेतली होती त्या एतेरीबाई. मी त्यांना मावशीच म्हणायला लागले, एतेरीमावशी, आणि त्यांना ते आवडलं. पासष्टीच्या, काळा स्कर्ट, काळा स्वेटर, नवरा गेलेला, मुलगा मॉस्कोकडं कामाला. पूर्वी शाळेत शिकवायच्या, सरकार गेलं तशी शाळा गेली, पेन्शन नावालाच राहिली, पण बाई ताठ. आमचं बोलणं म्हणजे थोडं इंग्लिश, थोडं रशियन आणि बाकी हात. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी कोंबडी वाढली. म्हटलं हे मांस आहे. त्या म्हणाल्या, नाही नाही, ही कोंबडी आहे. पुढं मग जमलं. लोबिओ म्हणून करायच्या, सांगितलं तर खोटं वाटेल, अगदी आपली घेवड्याची उसळ, कोथिंबीर घालून. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी तर अशी की मी आईला फोनवर सांगितली.

भांडण आमचं एकाच गोष्टीवरून. खिडकी. तिकडच्या लोकांना वाऱ्याची झुळूक म्हणजे काय वाटतं, तुम्हाला कल्पना नाही येणार. साप परवडला, पण घरात झुळूक नको. बसमध्ये उन्हाळ्यातसुद्धा खिडकी उघडत नाहीत म्हणे, मान धरते, छाती धरते, मूल होत नाही, सगळं त्या झुळकेमुळं. आणि मी अण्णांची पोरगी! मी झोपताना खिडकी सताड उघडायचे, बाहेर बर्फ, आणि पहाटे मावशी हळूच येऊन लावून जायच्या, लावायच्या म्हणजे कशी, फटींत चिंध्या कोंबून. खोलीत रॉकेलची शेगडी असायची, लाइट नसली की तीच. मग मी उठून चिंध्या काढायचे, त्या परत कोंबायच्या, मी परत काढायचे. हसत हसत चाललेलं, पण कुणीच ऐकत नव्हतं.

आणि मला खोकला लागला.

पहिला आठवडाभर मी लक्ष नाही दिलं. मग संध्याकाळचा ताप यायला लागला, बारीक. कपडे ढिले झाले. रोज संध्याकाळीच ताप, अंगाला घाम, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय की हो, मला कुणी सांगायला नको. आणि दिवसभर माझ्यासमोर काय, तर तेच, थुंकीचे नमुने. तिथल्या डॉक्टर मर्याम म्हणून होत्या, माझ्याच वयाच्या, त्यांच्याकडं गेले. एक्स-रे काढला. उजव्या बाजूला डाग होता.

तो डाग बघितला आणि मला काय दिसलं असेल सांगा. ती खिडकी. वरच्या मजल्याची. मी आत उभी आहे आणि सई खाली अंगणात, मान वर करून. तोपर्यंत मी स्वतःला फार शहाणी समजत होते, टीबी बरा होतो, गोळ्या घेतल्या की होतो, लोकांना समजावणारी मी. पण तिकडचा तो औषधाला दाद न देणारा लागला असला तर औषधावर दोन-दोन वर्षं काढतात माणसं, आणि घरात दोन वर्षांचं पोर. मी तिथं बाकावर बसून रडले, सरळ रडले, लाज नाही वाटली.

मर्याम म्हणाल्या, हे बघ, थुंकीत पहिल्या तपासणीत काही दिसलेलं नाही, जंतू वाढवून बघायचं तर सहा आठवडे लागतील ते तुला माहीत आहे. मी तुला न्यूमोनियाचं साधं औषध देते. दोन आठवड्यांनी परत एक्स-रे काढू. डाग विरला तर टीबी नव्हे. तोवर लॅब बंद आणि विमान बंद. माझं परतीचं तिकीट त्याच आठवड्यातलं होतं. कॅन्सल केलं. इकडच्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातल्या बाई फोनवर पुन्हा पुन्हा त्या सुजलेल्या हाताबद्दल विचारायच्या, मी म्हणायचे, अहो आमचे हात सुजतातच, त्याचं काही धरू नका, पण आतनं मलाच वाटायचं, त्या गोळ्या राहिल्या ना.

शिरीषला सांगितलं. ते म्हणाले, मी येतो. म्हटलं सईला कुणाजवळ ठेवता, तिथंच थांबा. सासूबाईंनी फोन घेतला. मला वाटलं बोलतील काहीतरी, पोर टाकून गेलीस म्हणतील. त्या म्हणाल्या, पोरगी जेवतेय, झोपतेय, तू बरी होऊन ये, मी इथनं हलत नाही. मग सई. तिला मी म्हटलं, सयू, काय करतेस? तर ती म्हणाली, आई, कम. एवढंच. कम.

मी मावशींना म्हटलं, तुम्ही माझ्यापासून लांब राहा, मला खोली सोडायला सांगितली तरी चालेल. शब्द जमेनात तर छातीवर हात ठेवून दाखवलं. मावशी उठल्या, स्वेटरची बाही काढली आणि आपला दंड दाखवला. तिथं वण होता. बीसीजीचा, अगदी माझ्यासारखा. मग माझी बाही वर केली, माझ्या वणावर बोट ठेवलं, आणि सूप आणायला गेल्या. त्यांना काय म्हणायचं होतं, आपल्याला काही होत नाही की आपण दोघी एकाच मापाच्या, मला माहीत नाही. पण त्या माझ्याच टेबलावर माझ्यासमोर बसून जेवल्या. आमच्या घरचं पाणीसुद्धा लोक पीत नसत हो.

दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला. मर्यामनी उजेडासमोर धरला, मी डोळेच मिटले होते. त्या म्हणाल्या, बघ. मी बघितलं. डाग नव्हता, म्हणजे जरासा ढगासारखा राहिला होता, आणि ताप तर आधीच उतरला होता. न्यूमोनिया! साधा न्यूमोनिया! न्यूमोनिया झाला म्हणून आनंदानं कुणी डॉक्टरला मिठी मारली असेल का? मी मारली. पुढं सहा आठवडे भरल्यावर तो जंतू वाढवून बघायचा रिपोर्टही स्वच्छ आला, पण मला त्याच दिवशी सुटल्यासारखं वाटलं. अंगावरचं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं.

मग मर्यामनी विचारलं, घरी राहता कशा? मावशी माझ्यासोबत आल्या होत्या. दोघींनी एकदम तक्रार सुरू केली, ही खिडकी उघडते, ही चिंध्या कोंबते. मर्यामनी कपाळावर हात मारला. मावशींना म्हणाल्या, रॉकेलची शेगडी पेटवून फटी बुजवता, धुरानं हिची छाती भाजली. आणि मला म्हणाल्या, तू शास्त्रज्ञ ना, त्या भाजल्या छातीनं बर्फात खिडकी सताड उघडून झोपतेस? दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खाली बघत उभ्या. मग निकाल दिला. खिडकी उघडी, पण बोटभर.

घरी आल्यावर मावशींनी वाइनच्या बाटलीचं बूच घेतलं, खिडकीच्या फटीत बसवलं, आणि बोट लावून बघितलं. बरोबर बोटभर. त्या दिवसापासून भांडण संपलं.

निघायच्या दिवशी बॅगा दारात, टॅक्सी खाली, आणि मावशी म्हणाल्या, बस. प्रवासाला निघताना सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, तशी तिकडं रीत आहे. आम्ही दोघी बॅगांवरच बसलो. मग मावशी उठल्या, खिडकीतलं बूच काढलं आणि माझ्या कोटाच्या खिशात घातलं, आणि गेटपर्यंत आल्या, जिना उतरून, दुखऱ्या गुडघ्यांनी.

इथं विमानतळावर शिरीष सईला कडेवर घेऊन उभे होते. मी वाकले, मला वाटलं ओळखणार नाही. तिनं आधी माझ्या तोंडावर हात फिरवला, आंधळं माणूस फिरवतं तसा, आणि मग गळ्यात पडली ती गाडीत बसेपर्यंत सुटली नाही.

अण्णांना हे सगळं मी नंतर सांगितलं, आधी धीर झाला नाही. ते फोनवर म्हणाले, आमच्या वॉर्डातली बाई बरी होऊन घरी निघाली की मी तिला गेटपर्यंत सोडायला जायचो, कुणी सांगितलेलं नव्हतं, पण जायचो. तुला सोडायला मी नव्हतो गं. म्हटलं अण्णा, होतं कुणीतरी. गेटपर्यंत आलं होतं.

आता सई पाच वर्षांची आहे, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते. ते बघा, त्या खिडकीत बूच दिसतंय ना, तेच ते. बाहेर मिनेसोटाची थंडी, शिरीष म्हणतात, तू सगळ्या ईडन प्रेरी गावाला ऊब देणार आहेस का, सई म्हणते, आई, इट्स फ्रीझिंग. एतेरीमावशींचा नवीन वर्षाला फोन येतो, पहिला प्रश्न, खिडकी? मी सांगते, बोटभर. त्या म्हणतात, बरं. त्यांचा मुलगा आलाय म्हणे परत, तिथंच राहणार आहे आता, देव त्यांचं घर असंच भरलेलं ठेवो. मला आता काही मागायचं नाही हो. एवढंच वाटतं, अजून कुठं कुठं बायका वरच्या खिडकीत उभ्या असतील, खाली बघत. त्यांना लवकर जिना उतरता येऊ दे, आणि गेटपर्यंत सोडायला कुणीतरी असू दे.