गोदावरीच्या पोरीचं वजन

...आणि वर म्हणतात, गाव अडाणी! अडाणी? अहो, तुम्हाला सांगतो, त्या वाडीतल्या बायांनी जी अक्कल चालवली, तेवढी धंद्यात चालवली असती तर आज महाडची अर्धी बाजारपेठ त्यांच्या नावावर असती! मी सांगतो त्यातलं निम्मं तुम्ही एरवी सोडून देता, ठाऊक आहे मला, खुशाल सोडा. पण हे सोडू नका. आणि ऐकून झालं की एवढंच सांगा, यात चुकलं कुणाचं?

तर नाते गावाच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला ती वाडी. अठ्ठ्याण्णव साल असेल. मुंबईच्या कुठल्याशा मेडिकल कॉलेजची माणसं आली संशोधन करायला. कशावर? तर आयांवर आणि त्यांच्या तान्ह्या पोरांवर! चवदार तळ्याजवळ खोली भाड्यानं घेतली, जीप ठेवली, आणि दर महिन्याला वाडीत हजर! डॉक्टरीणबाई वैदेही, सुती साडी, जाड चष्मा, स्वभावानं लाख माणूस. बरोबर काटा धरायला अनिश. काटा म्हणजे घड्याळासारखी तबकडी हो, ती घराच्या वाशाला अडकवायची, खाली झोळी, झोळीत पोर. पोर वाढतंय का ते बघायचं. ज्याचं वजन कमी भरेल त्याला दुधाची पावडर, टॉनिक, आणि आजारी पडलं तर जीपनं थेट दवाखाना. म्हणजे हेतू बघा केवढा सोन्यासारखा!

पण आपल्याकडे तान्हं पोर तोलतात का हो? तोलतात मासळी, तोलतात तांदूळ! पोर तोललं की दृष्ट लागते, हे वाडीला नुसतं ठाऊक होतं, पण गोदावरीनं ते पाहिलं होतं. तिचा पहिला मुलगा. कुणीतरी हौसेनं वाण्याच्या तराजूत बसवला, "बघू तरी किती भरतो ता!" सगळे हसले, पोरगंही हसलं... आणि महिन्याच्या आत तापानं गेलं. आता ताप काय तराजूतून येतो? नाही येत. पण तिच्या मनात ते हसणं आणि ते जाणं एकाच दोऱ्यात ओवलं गेलं, कायमचं. मग दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, काडीसारखी, रडली तरी शेजारी ऐकू जायची नाही अशी, आणि जीपचा आवाज आला की गोदावरी दाराला आतून कडी घालून बसायची, आणि बाहेरून डॉक्टरीणबाई दर खेपेला कडी वाजवायच्या, पोर दाखवा म्हणून. नवरा महिपती पोलादपूरला हायवेच्या हॉटेलात भजी तळायला, आठवड्यानं घरी. बाईनं बोलायचं कुणाशी? आणि चुकलं तरी काय तिचं, सांगा!

बोलली ती शेजारणीशी. परवीनशी. परवीनचा मुजम्मिल कुवेतला, तिथून दुधाचे डबे यायचे, आणि त्या डब्यांवर पोसलेला तिचा साकिब... पोर कसला, बरका फणस!

"गो गोदे, रडतेस कशाला? माझा घे न् टांग त्यांच्या काट्याला!"

"आनी त्याला दृष्ट लागली म्हंजे?"

"लागू दे गो, जरा उतरंल तरी! उचलून उचलून माझी कंबार गेली."

झालं! पुढच्या महिन्यात जीप आली. साकिब आधी स्वतःच्या घरी टोपी घालून तोलला गेला, मग परसातनं पलीकडे, टोपी काढली, फ्रॉक चढवला, गालाला तीट, हातात काळे मणी, आणि गोदावरीची मुलगी म्हणून पुन्हा काट्यावर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कपडे काढा तिचे, वजन नीट कळत नाही." परवीन पदर तोंडावर घेऊन, "अहो, पोरीची जात, आनी हा बाप्या समोर उभा!" अनिश बिचारा लाजून वाशाकडे बघायला लागला. फ्रॉकचं वजन अंदाजानं वजा केलं. "मॅडम, या वाडीतली पोरं सगळी एकसारखीच दिसतात नाही?" "पाणी चांगलं असेल रे इथलं."

आणि मग काय विचारता! सोमाच्या बायकोनं मागितला, भिकूच्या सुनेनं मागितला. साकिब इतका सरावला की वासा दिसला की आपणच पाय वर घ्यायचा! कुणाला फसवायचं नव्हतं हो कुणाला. आपलं पोर जपायचं होतं, आणि शेजारणीचं पोर जपायचं होतं. परवीनचं काय चुकलं, सांगा!

डॉक्टरीणबाई खूश. वाडी गुटगुटीत, पावडरची गरज नाही. पावडर गेली दुसऱ्या वाड्यांना. त्यांचं तरी काय चुकलं? काट्यानं दाखवलं ते त्यांनी खरं मानलं.

मग आषाढात गोदावरीच्या पोरीला जुलाब लागले. पाणी पाजलं तरी ठरेना. डोळे आत गेले, टाळू खोल गेली. परवीननंच तिला हाताला धरून उठवलं, "चल गो, त्या बाईकडंच चल, ती देव मानूस हाय!" एसटीत दोघी, गोदावरीच्या पदराआड पोर, परवीनच्या कडेवर साकिब. महाडला उतरून चिखलातनं धावत त्या खोलीवर.

डॉक्टरीणबाईंनी पदर बाजूला केला आणि पाहातच राहिल्या. "ही कुणाची?"

"माजी."

"तुमची मुलगी मी परवाच पाहिली, गोदावरीताई. चांगली भरलेली होती. ही कुणाची आणलीत? खरं सांगितलंत तरी मी औषध देणारच आहे, पण खरं सांगा!"

तुम्हाला सांगतो, आईला स्वतःची पोर स्वतःची आहे हे पटवून द्यायची वेळ आली! गोदावरी नुसती "माजी, माजी" म्हणतेय. तेव्हा परवीननं साकिबला धाडकन टेबलावर बसवला, त्याचा लंगोट सोडला, आणि म्हणाली, "ही घ्या, बाई! ही तुमची गोदावरीची पोर! बघा नीट!"

अनिश पहिल्यांदाच सरळ बघत होता. साकिबनं सवयीनं पाय वर घेतले. कुणीही हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंना कळायला वेळ लागला नाही. चष्मा पुसला, म्हणाल्या, "ताई, सलाईन किती सोडायचं ते वजनावर ठरतं. तोलावं लागेल." गोदावरीनं परवीनकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातानं पोर झोळीत ठेवली, डोळे मिटून. काटा हलला म्हणायचा, इतकाच हलला.

जीप निघाली, दवाखाना, सलाईन, सगळं झालं. डॉक्टरीणबाई उशाशी बसून राहिल्या. पण त्या अंगात उरलं होतं काय? दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली.

आधीच तोललं असतं तर वाचली असती, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक. तोललं म्हणून गेली, हे गोदावरीला ठाऊक. आता करा न्याय!

दिवसकार्य झाल्यावर डॉक्टरीणबाई वाडीत गेल्या, एकट्या. समजावायचं ठरवून गेल्या होत्या हो, निदान पुढचं पोर तरी राहावं म्हणून. गोदावरीनं चटई घातली, चुलीवर चहा ठेवला. परवीन दारात उभी. आणि बाई तोंड उघडणार, तोच गोदावरी म्हणाली, "बाई, तुमच्यावर राग नाय माजा. तुमाला ठावं नवतं, काटा असा असतो ता. तुमी शिकलेल्या, तुमाला कोन सांगनार?"

आता बोला! खरं सांगावं, तर त्या आईला तोंडावर सांगायचं, की बये, तूच लपवलीस म्हणून गेली. सांगाल तुम्ही?

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "हो ताई," म्हणाल्या, "चुकलं माझं." आणि बशीत ओतून चहा प्यायल्या. गोदावरीनं आग्रह केला, तर आणखी अर्धा कप घेतला म्हणतात.