तांबडीचा मागचा पाय

वाचक जीव लावतात म्हणजे काय, ते मला विचारा. दर सोमवारी मी मोबाईलवर माझं कॉमिक टाकतो. त्यात तांबडी नावाची गाय बोलते आणि गाव ऐकतं. एका सकाळी शेवगावात आमच्या दाराशी मोटारसायकल थांबली. जनावरांचे एक म्हातारे डॉक्टर बॅग घेऊन उतरले.

"पहिल्यापासून वाचतो तुमचं. तांबडी महिनाभर लंगडतीय, मागच्या डाव्या पायानं. दिसत न्हाई का तुमाला?"

"डॉक्टर, ती चित्रातली गाय आहे."

"व्हय, कळतंय. पण बघूनच काढली असंल ना? कुठंय ती?"

गाय कुठंच नव्हती. मला मागचे पाय काढता येत नाहीत, एवढंच. पण इतक्या लांबून आलेल्या वाचकाला ते कसं सांगणार?

"मामाकडं आहे," म्हणालो. त्यांनी मलम दिलं आणि गेले.

पुढच्या सोमवारी मी डोकं चालवलं. पाय पोटाखाली घेऊन तांबडी खाली बसवली. दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन.

"बसली?"

"बसली."

"उठंल का?"

मी माझ्या चित्रकलेचा प्रामाणिकपणे विचार केला. "अवघड दिसतंय."

"मामाचा पत्ता सांगा. गाडीला किक मारलीय."