ठेकेदाराने क्लब घेतला

तुम्हाला शेअरचं नवल वाटतं, पण ऐंशीच्या दशकात आम्ही गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात आमच्या फुटबॉल क्लबाचे शंभर शेअर विकले आहेत. विलायतेत कुण्या क्लबाने तसं केल्याचं मीच पेपरात वाचलं होतं.

लोकांनी हौसेनं घेतले. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारानं मात्र एकेकाला गाठून गुपचूप साठ शेअर जमवले आणि क्लबाच्या मैदानावर आला.

"निम्म्याहून जास्त क्लब माझा. उद्यापासून इथी पानं वाळतील."

पोरांचे चेहरे उतरले. दुसरं मैदान होतंच कुठे? आमचे अध्यक्ष लच्चूभाऊ, गावातले जुने गोंड, शांतपणे म्हणाले, "बेस झालं. आमच्यात एका वाट्यामागं एक दिवस श्रम द्या लागते. सगळ्याईनं देल्ला. तुमचे साठ दिवस. मैदानाच्या कडेचे झाडाचे खुंट काढा."

"हे कुठी लिहिलं हाय?"

"लिहिलं नाई, म्हणून तं सगळ्याईले पाठ हाय."

गावाशी बिघडलं तर पानं तोडणार कोण, हे ठेकेदाराला ठाऊक होतं. त्यानं मजूर लावले. पाचव्या दिवशी खिशातून गेलेल्या मजुरीचा हिशेब केला आणि शेअरचा गठ्ठा भाऊंच्या हातात ठेवला.

"एवढं मालक नाई व्हाचं मले."

"एक तरी ठेवा," भाऊ म्हणाले. "आयतवारी मॅच हाय."

ठेवला. त्या मॅचमध्ये आमच्यावर पहिला गोल झाला, तेव्हा पंचाशी भांडायला सगळ्यात आधी मैदानात घुसला तो ठेकेदारच.